फोटॉन मोजून खरे रँडम बिट: जोडणी कोणत्या क्रमाने करायची आणि कुठे चुकते

सर्किट जोडले, बिट आले, त्यांवर एसएचए-२५६ हे हॅश (कितीही बिटांचे २५६ विस्कटलेले बिट करणारे गणित) चालवले, रँडमपणाच्या चाचण्या पास झाल्या आणि काम संपले, असे समजणारे पुष्कळ जण असतात. पण १, २, ३, ४ असे साधे आकडे एसएचए-२५६ मधून काढले तरी त्या चाचण्या पास होतात. हॅश केलेल्या बिटांवरची चाचणी डिटेक्टरबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी अंधार, मग व्होल्टेज, मग थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वरचे सिग्नल मोजायचे ती), मग प्रकाश, मग वेळेची नोंद, मग बिट आणि सगळ्यांत शेवटी हॅश. एका टप्प्याची तपासणी जमल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

पद्धत थोडक्यात अशी. मंद एलईडीचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, डिटेक्टरवर कधी आदळतील याचा नेम नसतो. नोंदलेल्या फोटॉनमागे विजेचा एक छोटा ठोका, म्हणजे पल्स, मिळतो. दोन पल्समधला वेळ मोजायचा, मग पुढच्या दोन पल्समधला मोजायचा. पहिला लहान असेल तर ०, मोठा असेल तर १. बीम-स्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत विभागणारी काच) आणि दोन डिटेक्टरची मांडणी चित्रात छान दिसते. पण दोन डिटेक्टरची कार्यक्षमता कधीच तंतोतंत सारखी नसते आणि तो फरक थेट बिटांत उतरतो. एकच डिटेक्टर आणि वेळेची तुलना यात हा घोळ मुळातच नाही.

तयारी: काय काय लागेल

डिटेक्टर म्हणून ऑनसेमीचा मायक्रोएफसी-१००३५ हा १ मिलिमीटरचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे एकेका फोटॉनला पल्स देणाऱ्या बारीक सेलांची जाळी, धरला आहे. सुटा भाग इतका बारीक असतो की हाताने सोल्डर करताना तो हमखास बिघडतो. एसएमए कनेक्टर बसवलेला तयार बोर्ड घ्या, पैसे वसूल होतात.

बाकीचे सामान:
- मिनी-सर्किट्सचे मार-६+ अ‍ॅम्प्लिफायर, २ नग
- टीएलव्ही३५०१ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा भाग), १ नग
- एसटीएम३२एफ४११ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, ज्याला बाजारात ‘ब्लॅक पिल’ म्हणतात
- एलएम३१७ रेग्युलेटर आणि ९ व्होल्टच्या ४ बॅटऱ्या
- साधा ५ मिलिमीटरचा निळा एलईडी
- घट्ट झाकणाचा धातूचा डबा, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टीलचा
- १०० नॅनोफॅरड कपॅसिटर मूठभर. बायसच्या बाजूचे ५० व्होल्टचे

किमान १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप लागतोच. तो नसेल तर टप्पा ३ आणि ४ अंदाजपंचे होतील. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन तास मिळाले तरी पुरे.

१. डबा आणि अंधार

प्लास्टिकचा डबा टाळा. काळे दिसणारे प्लास्टिक डोळ्यांना काळे असते, पण त्यातले बरेचसे जवळचे इन्फ्रारेड आरपार सोडते आणि हा डिटेक्टर ९०० नॅनोमीटरच्या पुढेही थोडेफार पाहतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या डब्यांचीही हीच गत. धातूचा डबा प्रकाश अडवतो आणि बाहेरचा विद्युत गोंगाटही अडवतो. त्यासाठी डबा सर्किटच्या ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा.

वायर आत नेण्याच्या भोकातून प्रकाश सरळ रेषेत आत येतो. वायरीला आतल्या बाजूला दोन काटकोनी वळणे द्या आणि भोक काळ्या सिलिकॉनने बुजवा. झाकणाच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम टेप लावा.

२. बायस व्होल्टेज

डिटेक्टर चालवायला द्यायचे व्होल्टेज म्हणजे बायस. या डिटेक्टरचे ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या पुढे एक फोटॉनही पल्स उठवतो) साधारण २४.२ ते २४.७ व्होल्ट असते. त्यावर २.५ व्होल्ट (ओव्हरव्होल्टेज) चढवायचे, म्हणजे सुमारे २७ व्होल्ट द्यायचे. ४ बॅटऱ्या एकामागोमाग जोडून ३६ व्होल्ट मिळवा आणि एलएम३१७ ने ते २७ वर आणा. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पिनमध्ये २४० ओहम. अ‍ॅडजस्ट पिन ते ग्राउंड ४.७ किलोओहम आणि त्याच्याशी मालिकेत ५०० ओहमचा प्रीसेट. यातून साधारण २६ ते २८.६ व्होल्टची रेंज मिळते, त्यामुळे प्रीसेट चुकून पूर्ण फिरला तरी डिटेक्टर शाबूत राहतो.

रेग्युलेटर आणि डिटेक्टरच्या कॅथोडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका आणि त्यानंतर १०० नॅनोफॅरड ग्राउंडला. झाकण उघडे असताना बायस चालू राहिला तर करंट २.७ मिलिअ‍ॅम्पिअरच्या पुढे जाऊ नये, हे काम तो रेझिस्टर करतो. नेहमीच्या मोजणीत डिटेक्टरचा करंट ५० नॅनोअ‍ॅम्पिअरच्या आसपास असतो, म्हणून त्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही म्हटले तरी चालेल.

सावधान: स्वस्तातले बूस्ट कन्व्हर्टर मोड्यूल इथे वापरू नका. त्याच्या स्विचिंगचा गोंगाट थेट पल्सच्या रांगेत मिसळतो, आणि हे पुढे टप्पा ७ पर्यंत लक्षातही येत नाही.

३. अ‍ॅम्प्लिफायर आणि कंपॅरेटर

किती गेन लागेल, म्हणजे सिग्नल किती पट वाढवावा लागेल, हे आधी कागदावर काढा. एका फोटॉनमागे साधारण ३० लाख इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.४८ पिकोकुलंब चार्ज मिळतो. तो सुमारे ८० नॅनोसेकंदांच्या कालस्थिरांकाने ओसरतो, म्हणून शिखरावर करंट ६ मायक्रोअ‍ॅम्पिअर आणि ५० ओहमवर जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट. कंपॅरेटरला हे दिसणारच नाही. दोन मार-६+ एकापुढे एक लावले की गेन १०० च्या वर जातो आणि पल्स ३० ते ४५ मिलिव्होल्टचा होतो.

प्रत्येक मार-६+ ला १२ व्होल्टवरून ५६० ओहममधून करंट द्या, म्हणजे साधारण १५ मिलिअ‍ॅम्पिअर. इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे १०० नॅनोफॅरड हवा, कारण त्या पिनांवर डीसी व्होल्टेज असते. हे अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल उलटा करतात; दोन लावल्यामुळे अ‍ॅनोडचा धन पल्स शेवटी धनच राहतो. एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर भागवायला गेलात तर गेन अपुरा आणि पल्सही उलटा.

शेवटच्या कपॅसिटरनंतर ५१ ओहम ग्राउंडला आणि तिथून कंपॅरेटरच्या धन इनपुटला. ऋण इनपुटला थ्रेशोल्ड: ३.३ व्होल्टवरून ४७ किलोओहम, मग १ किलोओहमचा बहुफेरी प्रीसेट ग्राउंडला. मधल्या टोकावर ० ते ६९ मिलिव्होल्ट मिळतात. त्यावर १०० नॅनोफॅरड लावा. कंपॅरेटर ३.३ व्होल्टवरच चालवा. त्याला ५ व्होल्ट दिले तर मायक्रोकंट्रोलरची पिन जळू शकते.

तपासणी: बायस काढून ठेवा आणि बाकी सगळे चालू ठेवा. थ्रेशोल्ड २० मिलिव्होल्टवर असताना मोजणी जवळपास शून्य आली पाहिजे. सेकंदाला शेकडो पल्स दिसत असतील तर ते फोटॉन नव्हेत. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ऑसिलेट होतोय किंवा ग्राउंड कच्चे आहे. ब्रेडबोर्डवर हे सर्किट चालणारच नाही. तांब्याच्या सलग पत्र्यावर भाग उभे करून आखूड टोकांनी सोल्डर करा.

४. थ्रेशोल्ड लावणे

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. डेटाशीट पाहून हिशेबाने ‘अर्ध्या पल्सवर’ थ्रेशोल्ड लावायचा आणि पुढे जायचे, ही सवय सोडा. कंपॅरेटरचा स्वतःचा ऑफसेट (तुलनेतली जन्मजात चूक) काही मिलिव्होल्टचा असतो, हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांतला फरक) आणखी ६ मिलिव्होल्टचा. ३५ मिलिव्होल्टच्या पल्सपुढे ही चूक लहान नाही. थ्रेशोल्ड मोजूनच लावायचा.

एलईडी बंद ठेवा, झाकण बंद करा, बायस २७ व्होल्टवर आणा. थ्रेशोल्ड ५ मिलिव्होल्टपासून ६५ पर्यंत २-२ मिलिव्होल्टने वाढवत जा आणि प्रत्येक ठिकाणी १० सेकंदांची मोजणी लिहून ठेवा. आलेख असा दिसायला हवा: सुरुवातीला गोंगाटामुळे प्रचंड आकडा, मग एकदम उतार, मग एक सपाट पायरी, मग पुन्हा मोठा उतार, आणि मग दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे एक सेल पेटल्याचे पल्स. दुसरी म्हणजे दोन सेल एकदम पेटल्याचे. ती पहिलीच्या ७ टक्क्यांच्या आसपास असते. थ्रेशोल्ड पहिल्या पायरीच्या मधोमध ठेवा.

अंधारातला पहिल्या पायरीवरचा आकडा साधारण खोलीच्या तापमानाला सेकंदाला ३०,००० च्या जवळपास अपेक्षित आहे. लाखाच्या पुढे असेल तर आधी डब्यात प्रकाश शिरतोय का ते बघा: मोबाइलचा टॉर्च झाकणाच्या कडेकडेने आणि वायरींच्या भोकाशी फिरवा. आकडा जराही हलला तर टप्पा १ वर परत जा.

पायरी सपाट न दिसता तिरकी दिसते का? मग गेन कमी आहे किंवा गोंगाट जास्त. अशा उतारावर थ्रेशोल्ड ठेवला की पुरवठ्यातला प्रत्येक चढउतार मोजणीत उमटतो.

तापमानाचेही इथेच बघा. ब्रेकडाउन व्होल्टेज दर अंशाला सुमारे २१.५ मिलिव्होल्टने वाढते. जानेवारीत २० अंशांवर लावलेले सर्किट मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत चालले तर ओव्हरव्होल्टेज २.५ वरून २.०७ वर येते आणि पल्स १७ टक्क्यांनी खुजा होतो. थ्रेशोल्ड पायरीच्या मधोमध असेल तर हे निभावते. वरच्या टोकाला असेल तर उन्हाळ्यात मोजणी गळू लागते. विदर्भातल्या उन्हाळ्यात चालवायचे असेल तर पायरीचा आलेख दोन्ही ऋतूंत काढून ठेवा.

५. एलईडी किती मंद

अंधारातले पल्सही बेभरवशाचेच असतात, पण ते उष्णतेमुळे येतात आणि तापमानाबरोबर झपाट्याने वाढतात. फोटॉनचे पल्स बहुसंख्य असावेत म्हणून एकूण मोजणी सेकंदाला १,००,००० करा.

यासाठी एलईडी आश्चर्य वाटावे इतका मंद लागतो. ३.३ व्होल्टवरून १ मेगाओहममधून साधारण १ मायक्रोअ‍ॅम्पिअर द्या. तेवढाही प्रकाश जास्त होतो, म्हणून एलईडीचे तोंड डिटेक्टरकडे न करता डब्याच्या भिंतीकडे करा, आणि मध्ये सुईने टोचलेला काळा कागद उभा करा. आकडा जुळेपर्यंत कागदाचे थर वाढवा-कमी करा.

सावधान: एलईडी मंद करायला पीडब्ल्यूएम वापरू नका. पीडब्ल्यूएम म्हणजे ठरावीक तालावर उघडझाप. तो ताल फोटॉनच्या वेळांवर छापला जातो. एलईडीला स्थिर डीसीच हवा, तोही १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून.

१,००,००० च्या पुढे जाऊन वेग वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा. पल्सच्या शेपट्या एकमेकांवर चढू लागतात आणि बेसलाइन सरकते.

६. वेळेची नोंद

मायक्रोकंट्रोलरच्या टायमर-२ चा ३२ बिटांचा काउंटर इनपुट कॅप्चरला (पल्स येताच काउंटरचा आकडा टिपणे) लावा. घड्याळ ९६ मेगाहर्ट्झवर ठेवा. १०० वर नेले तर यूएसबीला लागणारे ४८ मेगाहर्ट्झ जुळत नाहीत. एक टिक १०.४ नॅनोसेकंदांची.

बहुतेक ब्लॅक पिल बोर्डांवर पीए०ला बटण जोडलेले असते, म्हणून टायमर-२ चे चॅनल १ पीए५ वर घ्या. कॅप्चर थेट डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत लिहिणे) २०४८ शब्दांच्या चक्राकार बफरमध्ये जाऊ द्या. प्रत्येक पल्सला इंटरप्ट देऊन वेळ वाचायचा प्रयत्न केला तर जवळजवळ आलेले पल्स हुकतात, आणि हुकतात ते नेमके लहान अंतराचेच. ओव्हरकॅप्चरचा (आधीचा आकडा उचलण्याआधी नवा आल्याचा) फ्लॅग मात्र वाचत राहा. तो लागला की त्या वेळचा अर्धा बफर फेकून द्या.

एका स्वीकारलेल्या पल्सनंतर १ मायक्रोसेकंदात आलेला पल्स सॉफ्टवेअरमध्ये गाळा. मागच्या पल्सच्या शेपटीवर कंपॅरेटर पुन्हा उडाला तर तो यात निघून जातो आणि आफ्टरपल्सचाही (आधीच्या पल्समुळे मागाहून उठणारे खोटे पल्स) मोठा भाग जातो. हा १ मायक्रोसेकंद शेवटच्या *स्वीकारलेल्या* पल्सपासून मोजायचा. गाळलेल्या पल्सपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली तर अंतरांचे वितरण वेडेवाकडे होते.

७. बिट काढण्याआधी वेळा तपासा

हा टप्पा वगळण्याकडे सगळ्यांचा कल असतो. दहा लाख वेळा फाइलमध्ये घ्या आणि चार गोष्टी बघा.

अंतरांचा हिस्टोग्राम काढा, उभा अक्ष लॉगचा. १ मायक्रोसेकंदाच्या आत काहीच नाही आणि पुढे सरळ उतरती रेषा, एवढेच दिसायला हवे. रेषेच्या सुरुवातीला उंचवटा म्हणजे आफ्टरपल्स किंवा रिंगिंग, तिथे खड्डा म्हणजे पल्स हुकताहेत. मध्येच एखादा काटा दिसला तर कुठलेतरी घड्याळ आत शिरले आहे.

सरासरी अंतरातून १ मायक्रोसेकंद वजा करा. जे उरेल ते प्रमाण विचलनाएवढे यायला हवे. वरच्या आकड्यांत सरासरी ११ मायक्रोसेकंद, विचलन १०.

लागोपाठच्या अंतरांचा सहसंबंध काढा. दहा लाख नमुन्यांत तो बहुतेक वेळा उणे ०.००२ ते अधिक ०.००२ यांच्या आत राहतो.

चौथी तपासणी फारशी कोणी करत नाही, पण चोर तिथेच सापडतो. एका सेकंदाच्या वेळा घ्या, त्यांना १ मिलिसेकंदाने भागा आणि भागाकारात उरलेल्या बाकीचा हिस्टोग्राम ५० कप्प्यांत काढा. प्रत्येक कप्प्यात सुमारे १,८०० पल्स, थोडेफार इकडेतिकडे, असे सपाट चित्र हवे. उंचवटा दिसला तर यूएसबीचा दर मिलिसेकंदाचा ठोका अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरतोय. मायक्रोकंट्रोलर डब्याबाहेर काढा. मग हेच २० मिलिसेकंदांनी करा. एक टेकाड म्हणजे वायरिंगमधून येणारे ५० हर्ट्झ. दोन टेकाडे म्हणजे खोलीतल्या दिव्यांचे १०० हर्ट्झ, म्हणजे प्रकाशगळती. घरी इन्व्हर्टर असेल तर तो चालू असतानाही ही तपासणी एकदा करा.

८. बिट काढणे

चार पल्स घ्या. पहिल्या दोघांतले अंतर क, तिसऱ्या-चौथ्यातले ख. क लहान असेल तर ०, मोठे असेल तर १, समान असेल तर चौघेही सोडून द्या. मग नवे चार पल्स.

वेग वाढवायला एकच अंतर दोन तुलनांत वापरणे, म्हणजे क-ख आणि मग ख-ग, ही हमखास चूक. ख मोठे निघाले की पहिल्या तुलनेत ० येतो आणि दुसरीत १ येण्याची शक्यता वाढते. बिट एकमेकांना बांधले जातात. तीन पल्सवर भागवणेही नको: मधल्या पल्सच्या वेळेची राउंडिंग एका अंतरात भर घालते, तर दुसऱ्यात घट.

समान अंतरांचे प्रमाण ०.०५ टक्क्याच्या आसपास असायला हवे. हा फुकटातला गजर आहे. प्रमाण याच्या दुप्पट झाले तर टप्पा ७ पुन्हा करा.

दर एक बिट सोडून उलटा करण्याची एक युक्ती आहे, तिने ०-१ चा झुकाव झाकला जातो. झाकला जातो म्हणूनच ती तपासणीआधी लावू नका.

९. संगणकापर्यंत नेताना

सेकंदाला सुमारे २२,७०० बिट, म्हणजे दिवसाला २४५ मेगाबाइट मिळतील. लिनक्सवर सीरियल पोर्ट ‘रॉ’ मोडमध्ये न ठेवता वाचले तर टर्मिनल काही बाइट बदलते किंवा गिळते. लक्षण ओळखीचे आहे: २५६ बाइटांपैकी १०, १३, १७ आणि १९ यांसारख्या मोजक्याच बाइटांची संख्या बिघडलेली, बाकी सगळे सुरळीत. डिटेक्टरला दोष देण्याआधी हे बघा.

१०. एन्ट्रॉपी मोजा, मग हॅश करा

कच्च्या बिटांत ०-१ ची मोजणी आधी बघा: दहा लाखांत १ ची संख्या ४,९८,५०० ते ५,०१,५०० यांच्या बाहेर वारंवार जात असेल तर मागे वळा.

मग अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचे, एसपी ८००-९०बी या मानकासाठीचे साधन चालवा, ‘आयआयडी नसलेला स्रोत’ हा पर्याय निवडून (आयआयडी म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र आणि एकाच वितरणाचे नमुने). त्याला दहा लाख सलग नमुने लागतात, आणि *एका बाइटमध्ये एकच नमुना* लागतो. आठ-आठ बिट बांधलेली फाइल दिली तर भलतेच उत्तर मिळते. साधन देते तो आकडा म्हणजे एका बिटामागची एन्ट्रॉपी, बेभरवसेपणाचे माप. निर्दोष बिटांनाही ते बहुधा १ पेक्षा कमी आकडा देते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शिवाय यंत्र १,००० वेळा बंद-चालू करून दर वेळी पहिले १,००० नमुने घ्यायचे, ही रीस्टार्ट चाचणी कंटाळवाणी आहे. ती स्क्रिप्टवर सोपवा, पण टाळू नका.

डायहार्डर या रँडमपणा तपासणाऱ्या प्रोग्रॅमची संपूर्ण चाचणी इतक्या कमी वेगाच्या स्रोतावर लावू नका. फाइल संपली की तो ती पुन्हा पहिल्यापासून वाचतो आणि त्या पुनरावृत्तीमुळेच नापास ठरवतो. त्यापेक्षा प्रॅक्टरँड हा तसाच दुसरा प्रोग्रॅम बरा; आहे तेवढ्या डेटावर तो निकाल देतो.

मोजलेला आकडा ०.८५ आला तर हिशेबाला ०.८ धरा. २५६ बिटांच्या आउटपुटसाठी २५६ अधिक ६४, म्हणजे ३२० बिटांची एन्ट्रॉपी आत जायला हवी. ०.८ ने भागल्यावर ४०० कच्चे बिट होतात. सरळ ५१२ घ्या आणि एसएचए-२५६ ला द्या. व्हॉन नॉयमनची जोडीची पद्धत (दोन-दोन बिट घेऊन सारखी जोडी सोडायची, वेगळ्या जोडीतून एक बिट घ्यायचा) फक्त झुकाव काढते, आणि तेही बिट एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच; हॅशची जागा ती घेत नाही.

११. चालू असताना पहारा

दोन चाचण्या कच्च्या बिटांवर कायम चालू ठेवा, हॅशच्या अलीकडे. एन्ट्रॉपी ०.८ आणि खोट्या गजराची शक्यता २ च्या उणे २० व्या घाताइतकी धरली तर: तोच बिट सलग २६ वेळा आला की थांबा, आणि १,०२४ बिटांच्या खिडकीत पहिलाच बिट ६६४ किंवा जास्त वेळा आला की थांबा. यांच्या जोडीला पल्सची मोजणी ८०,००० ते १,२५,००० यांच्या बाहेर गेली तरीही थांबा. बॅटरी उतरणे, झाकण सैल होणे, एलईडी जाणे हे बिटांच्या चाचण्यांआधी इथे दिसते.

थांबणे म्हणजे आउटपुट खरोखर बंद. चूक आली की गुपचूप जुन्या बीजावरून सॉफ्टवेअर जनरेटर सुरू करणारा कोड सर्रास लिहिला जातो, आणि मग डिटेक्टर मेलेला महिनोन्‌महिने कळत नाही.

चालू केल्यावर पहिली १० मिनिटे आलेले बिट फेकून द्या. लिनक्सच्या पूलमध्ये, म्हणजे त्याच्या रँडम बिटांच्या साठ्यात, भर घालायची असेल तर ‘डेव्ह-रँडम’मध्ये नुसते लिहून एन्ट्रॉपीचा जमाखर्च वाढत नाही, त्यासाठी आरएनजीडी हा प्रोग्रॅम वापरा. बॅटऱ्यांचे एकूण व्होल्टेज ३० च्या खाली जाऊ लागले की चारही एकदम बदला, आणि बदलल्यावर टप्पा ४ चा पायरीचा आलेख पुन्हा काढा.